नंदाखालची बाराची गाडी

नगरवित्त अभ्यास केंद्र,
विरार (पश्चिम)
६ जानेवारी २०२५

आदरणीय तुस्कानो सर,
सप्रेम नमस्कार.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. तुम्ही निवृत्त होऊन नंदाखालला गेलात, तरी इथे सगळं तसंच आहे. खालच्या हार्डवेअरवाल्याचा ग्राइंडर सुरू झाला की आम्ही वरच्या मजल्यावर महापालिकांच्या तुटीवर ओरडून चर्चा करतो. कौस्तुभ सर आता तुमच्या खुर्चीत बसतात, पण अजून पाठ टेकत नाहीत. आकडेमोडीसाठी ॲनिशा नावाची नवी मुलगी आली आहे. तिला आपला ‘विरुद्ध पत्रा’चा नियम समजावून सांगितला तर ती हसायलाच लागली. म्हणाली, म्हणजे आपण अहवालात ज्याचं नुकसान करणार, त्या माणसाचं सोंग घेऊन आपल्यातलाच कुणीतरी आपल्याला पत्र लिहिणार? आणि आपण त्या सोंगाला रीतसर पत्राने उत्तर द्यायचं? आणि ते सोंग ‘माझं ऐकलं गेलं’ असं लिहून देईपर्यंत अहवाल छापायचाच नाही? मी म्हटलं, हो. तेही हाताने लिहून, पोस्टाने. कारण सर म्हणायचे, ईमेलवर माणूस भांडतो, पत्रात विचार करतो. ती म्हणाली, ग्रेट आहे, पण विरारहून नंदाखालला टपाल पोचेपर्यंत मी चालत जाऊन येईन.

सर, मुद्द्यावर येते. शहर बससेवेच्या तोट्यावरचा अहवाल तयार झालाय. मुखपृष्ठावर पहिल्यांदाच फक्त माझं नाव आहे: उन्नती पाष्टे. सोबत प्रत जोडली आहे. वादाची शिफारस चौथी. नंदाखालहून विरार स्टेशनला येणारी दुपारी बाराची फेरी जवळजवळ रिकामी धावते. ती बंद करावी आणि तीच गाडी त्या वेळी पूर्वेला फुलपाड्याला द्यावी. तिथे दुपारच्या पाळीची माणसं थांब्यावर उभी राहून राहून शेवटी रिक्षात कोंबून जातात. तुम्हाला माहीत आहे, मी फुलपाड्याचीच. त्या रांगेत माझी आईसुद्धा असते. पण शिफारस आईसाठी नाही, तक्ता पाहून केली आहे.

मागे कचरा-शुल्काच्या अहवालाच्या वेळी तुम्ही मनवेलपाड्याचे वडेवाले रमेश होऊन मला पत्र लिहिलं होतंत, त्याने माझी झोप उडवली होती. या वेळीही सोडू नका.

तुमची,
उन्नती

---

नंदाखाल
१३ जानेवारी २०२५

चि. उन्नती,

अहवाल मिळाला. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, मोतीबिंदू. ते बिघडलं, आता दुसऱ्यांदा करावं लागेल. वाचायला मनाई आहे. हे चार शब्द अंदाजाने लिहितो आहे, ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे.

या वेळी पत्र क्लारा लिहील. क्लारा रुमाव, राहणार नंदाखाल. नियम तुला ठाऊक आहेत. तिचं ऐक, तिलाच उत्तर दे, मला मध्ये घेऊ नकोस.

ॲन्सेल्म तुस्कानो

---

नंदाखाल
२० जानेवारी २०२५

प्रिय उन्नती,
प्रभूची शांती.

तुझा अहवाल वाचला. मी पॅरिशच्या शाळेत मुलांना मराठी शिकवलं आहे, त्यामुळे आधी कौतुक करते. भाषा स्वच्छ आहे. ‘फेरीचा भार गुणांक’ हे काय प्रकरण आहे ते मात्र दोनदा वाचून कळलं. गाडी रिकामी जाते, एवढंच म्हणायचं होतं ना? मग तसं म्हण की.

ते खरंच आहे. बाराची गाडी रिकामी जाते. बायका सकाळीच भाजी आणि केळी घेऊन गेलेल्या असतात, मुलं शाळेत असतात. पण त्या गाडीत माझा लेस्टर असतो.

लेस्टर सव्वीस वर्षांचा आहे. त्याला गोष्टी उशिरा समजतात, आणि काही समजतच नाहीत. विरारला चर्चच्या सिस्टर लोकांनी अशा मुलांसाठी मेणबत्त्यांची कार्यशाळा काढली आहे, ती दुपारी भरते. लेस्टर तिथे वाती लावतो. नाताळात तुमच्या घरी कुणी मेणबत्ती दिली असेल तर वात सरळ आहे का बघ. सरळ असली तर ती त्याची.

तो बाराच्या गाडीने एकटा जातो. जगात ही एकच गोष्ट तो एकट्याने करतो. संध्याकाळची परतीची गाडी तू ठेवली आहेस, आभार. पण जायलाच गाडी नसेल तर परत यायचं कुठून?

माझे पती नाहीत. मी साठीला आले. मी आहे तोवर त्याला हाताला धरून नेईन. माझ्या मागे काय, हा प्रश्न त्या गाडीने थोडासा सोडवला होता. तो तू परत माझ्या पदरात घातलास.

क्लारा रुमाव

---

विरार
२८ जानेवारी २०२५

आदरणीय क्लाराताई,
नमस्कार.

तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं. तुमची अडचण मनापासून समजते. आमच्या पद्धतीप्रमाणे आधी तुमचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगते. बाराच्या फेरीवर तुमच्या मुलाचा रोजगार आणि स्वावलंबन अवलंबून आहे. बरोबर?

आता माझं उत्तर. एका प्रवाशासाठी अख्खी बस चालवण्यापेक्षा त्या प्रवाशालाच मदत दिली तर सगळ्यांचंच भलं होतं. म्हणून अहवालात एक नवी तरतूद घालते. फेरी बंद झाल्याने ज्या अपंग प्रवाशांची गैरसोय होईल, त्यांना दरमहा रिक्षाभाडं थेट बँकेत मिळावं. गाडी तुमच्या वेळेची वाट बघत नाही, रिक्षा दारात येते. शिवाय पैसा हातात आला की माणूस आपली सोय स्वतः निवडतो. हिशेबाने पाहिलं तर आजच्यापेक्षा तुमची परिस्थिती सुधारेल.

यावर आपला काही आक्षेप असल्यास जरूर कळवा. नसल्यास नियमातलं ते एक वाक्य लिहून पाठवावं, ही विनंती.

आपली नम्र,
उन्नती पाष्टे

---

नंदाखाल
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय उन्नती,

रिक्षाचं सांगितलंस म्हणून रिक्षाचंच सांगते. ती आम्ही करून पाहिली आहे, गाड्यांचा संप होता तेव्हा. ओळखीचा रिक्षावाला, त्याला दहा वेळा बजावलं. त्याने वाटेत आणखी दोघांना घेतलं, त्यातल्या एकाला गल्लीत सोडायला रिक्षा वळवली आणि थांबवली. रिक्षा थांबली म्हणून लेस्टर उतरला. थांबली की उतरायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं. सापडला तेव्हा मासळीबाजाराच्या मागे एका ओट्यावर बसला होता. रडत नव्हता. शर्टाची बटणं उघडत होता, लावत होता.

बस तसं करत नाही. ती उशिरा येईल, खडखडेल, कधी येणारच नाही. पण वाट बदलत नाही. चर्च, वडाचं झाड, पेट्रोल पंप, मग पूल. हे सगळं ओळीने आलं की त्याला कळतं की आपण नीट चाललो आहोत.

ही गाडी त्याला कशी शिकवली तेही सांगते, शिक्षिकेला राहवत नाही. आधी मी त्याच्या शेजारी बसायची. मग मागच्या सीटवर. मग अगदी शेवटच्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन. मग बसच्या मागून रिक्षाने, आणि तो रिक्षावाला मला विचारायचा, मावशी, नवऱ्याचा पाठलाग करताय काय? मग एक दिवस मी थांब्यावरूनच परत फिरले. घरी येऊन भात लावला, त्यात पाणी घालायला विसरले.

याला वर्षं गेली आहेत ग. तू म्हणतेस पैसा आला की माणूस सोय निवडतो. ही सोय विकत मिळत असेल तर दुकान कुठे आहे तेवढं कळव.

वाक्य लिहीत नाही. अजून माझं ऐकलं गेलेलं नाही.

क्लारा

---

विरार
१४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

तुम्ही मध्ये घेऊ नकोस म्हणाला होतात, तरी नियम मोडून थेट तुम्हालाच लिहिते आहे. डोळा कसा आहे? अक्षर या वेळी चक्क वाचता येतं, कुणाकडून लिहून घेताय?

सर, क्लारा हे तुमचं आजवरचं सगळ्यात जिवंत पात्र आहे. करपलेला भात वाचून ॲनिशा जागेवरून उठून गेली. पण खरं सांगू? मला वाटतं या वेळी तुमचं सोंग नियमाबाहेर गेलंय. तुम्हीच शिकवलंत की विरुद्ध पत्र लिहिणारा माणूस सर्वसाधारण हवा. वडेवाले रमेश तसे होते, त्यांच्यासारखे शेकडो आहेत. लेस्टर तसा नाही. तो वाचणाऱ्याला गप्प करण्यासाठी आणल्यासारखा वाटतो. विधवा आई, मेणबत्त्या, सरळ वाती, शर्टाची बटणं... सर, माफ करा, पण हे जरा जास्तच होतंय. यावर वाद घालता येत नाही, नुसतं वाईट वाटून घेता येतं. धोरण असं वाईट वाटून ठरवायचं नाही, हेही तुमचंच वाक्य.

माझी विनंती आहे, लेस्टरला काढून टाका. क्लाराला ठेवा. तिला गुडघेदुखी द्या, दुपारचा दवाखाना द्या, काहीही द्या. मी उत्तर देईन. एप्रिलमध्ये परिवहनवाल्यांपुढे सादरीकरण आहे आणि तुमच्या त्या एका वाक्यासाठी माझा पहिला अहवाल अडून बसलाय.

रागावू नका.

तुमची,
उन्नती

---

नंदाखाल
३ मार्च २०२५

उन्नती,

हे पत्र मी सांगतो आहे आणि क्लारा लिहिते आहे. मला अजून दिसत नाही. तुझं पत्रही तिनेच मला वाचून दाखवलं. सगळं, शेवटपर्यंत. वाचताना मध्ये थांबली नाही.

क्लारा माझी धाकटी बहीण. मी तिच्याच घरी राहतो. लेस्टर माझा भाचा. आत्ता तो अंगणात आहे.

पत्र क्लारा लिहील असं मी तुला लिहिलं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तू ते नेहमीचं सोंग समजशील असं मनात आलं होतं का, विचारशील तर हो, आलं होतं. मला पाहायचं होतं की खरा माणूस आला तर आपली ही पद्धत त्याचं काय करते. मी ती इतकी वर्षं मोठ्या दिमाखात चालवली. दोष द्यायचा तर आधी मला दे.

क्लाराला यापुढे काही लिहायचं आहे का विचारलं. ती म्हणते, सही कर.

ॲन्सेल्म तुस्कानो

---

विरार
७ मार्च २०२५

क्लाराताई,

दोन दिवसांपासून हे पत्र सुरू करते आहे आणि फाडते आहे.

मी चुकले. माझ्या अहवालातला आकडा चुकला असता तर दुरुस्तीपत्रक काढलं असतं. याला काय काढू? एका आईने आपल्या मुलाचं सांगितलं आणि मी त्याला ‘जास्त होतंय’ म्हटलं. काढून टाका म्हटलं. मला स्वतःची शरम वाटते.

मी भेटायला येणार होते, निघालेही होते. मग वाटलं, मी येईन ती तुम्ही मला माफ करावं म्हणून येईन. तुमच्या दारात येऊन तुमच्याकडूनच काहीतरी घेऊन जाणं मला बरं वाटेना. म्हणून आले नाही. तुमच्या दोन पत्रांना मी अजून खरं उत्तर दिलेलं नाही, ते आधी देते.

आम्ही ऑफिसात बसून सगळं पुन्हा तपासलं. ॲनिशाला एक गोष्ट सापडली. आमचे प्रवाशांचे आकडे आले तिकिटाच्या मशीनमधून. तिकीट निघालं तरच माणूस मोजला जातो. लेस्टरकडे फुकट प्रवासाचा पास असणार, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडेही असेच पास. म्हणजे ते सगळे आमच्या तक्त्यात नव्हतेच. इतके दिवस मी एका गाडीला रिकामी म्हणत होते आणि तिच्यात माणसं बसलेली होती.

हे सापडल्यावर मला खरं तर आनंद झाला. वाटलं, आता चौथी शिफारस मागे घेता येईल, सुटले. मग पास धरून परत गणित केलं. क्लाराताई, तरीही ती गाडी शहरातली सगळ्यात मोकळी गाडी आहे.

आणि फुलपाडा तसाच आहे. माझी आई आशालता एका कारखान्यात पॅकिंगला जाते, दुपारची पाळी. तिचे पाय सुजतात. तिच्या बाजूला गरोदर मुली उभ्या असतात. त्यांना एक गाडी द्यायची तर ती कुठूनतरी काढावीच लागते, नवी घ्यायला पैसे नाहीत. मी काय करू? खरंच विचारते आहे. कौस्तुभ सर म्हणतात, एका माणसासाठी शंभर माणसांना उभं ठेवणं हासुद्धा अन्यायच. मला ते पटतं. आणि तुमचं पत्र परत वाचलं की तेही पटतं.

लेस्टरला काढून टाका हे वाक्य मागे घेते. दुसरं काही मागत नाही.

उन्नती

---

नंदाखाल
२४ मार्च २०२५

प्रिय उन्नती,

तुझं पत्र मिळाल्यावर बरेच दिवस मी ते फ्रिजवर ठेवून दिलं होतं. दादा रोज विचारायचा, लिहिलंस का? मी म्हणायची, तुझ्या डोळ्यांवर पट्टी आहे ना, मग तोंडावर पण बांध. त्याच्याशीही मी धड बोलत नव्हते. बहिणीचा प्रयोग करतो म्हणजे काय!

पण उपवासकाळ चालू आहे. मासे सोडले आणि राग तेवढा धरून ठेवला तर कसला उपवास? म्हणून लिहायला बसले.

तू दारात आली नाहीस ते बरं केलंस. आली असतीस तर मी चहा दिला असता, गोड बोलले असते आणि तू गेल्यावर भांडी आपटली असती.

तुझ्या आईचं वाचलं. पाय सुजतात म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, फळ्यापुढे उभं राहून माझेही सुजायचे. मी देवापुढे बसून विचार केला की मी आशालताबाईंच्या जागी असते तर काय म्हटलं असतं? म्हटलं असतं, त्या नंदाखालच्या बाईची रिकामी गाडी आम्हाला द्या. खोटं कशाला बोलू?

तेव्हा गाडी देऊन टाक तुझ्या आईला. मला पटलेलं नाही, पटणारही नाही, पण अडवतही नाही. फक्त दोन गोष्टी कर.

एक. तुझ्या अहवालात लिहिलंय, ‘आगाशीच्या मोठ्या रस्त्यावर पर्यायी बस उपलब्ध.’ ज्याने हे लिहिलं त्याने आमच्या दारापासून तिथवर चालून दाखवावं. त्या वाटेवर दोन वळणं आहेत आणि कुत्री आहेत. उपलब्ध आहे की नाही ते चालल्यावर ठरवा.

दुसरी. लेस्टरला काढू नकोस. नाव घालून ठेव. फुलपाड्याला गाडी मिळाली ती कुणाकडून काढून मिळाली, हे तुमच्या कागदावर असू दे. तुम्ही लोक ‘काही प्रवासी’ लिहिता. तो ‘काही’ नाही.

आणि मला ताई म्हणू नकोस, तुझ्या आईपेक्षा मोठी असेन. आंटी तर मुळीच नको. मावशी म्हण.

क्लारा

---

विरार
२ मे २०२५

क्लारामावशी,

अहवाल सादर झाला. तुमच्या ‘अडवत नाही’वर आम्ही तो छापला, नियमातलं ते वाक्य तुमच्याकडे अजून बाकी आहे. चौथी शिफारस त्यांनी लगेच उचलली. बाकीच्या अकरा ‘विचाराधीन’ आहेत, म्हणजे कपाटात. गाडी हलवणं फुकट होतं, म्हणून ते आधी झालं. दोन जूनपासून बाराची फेरी बंद.

तुमच्या दोन्ही गोष्टींसाठी ऑफिसात चांगलंच वाजलं. कौस्तुभ सर म्हणाले, वित्तीय अहवालात एका मुलाचं नाव कधी कुणी घातलंय का? मी म्हटलं, नसेल घातलं. ते म्हणाले, पुढच्या वेळी सगळे नाव घाला म्हणतील. ॲनिशा म्हणाली, मग घालू. शेवटी सर पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसले आणि म्हणाले, ठीक आहे, त्यांची परवानगी लेखी घे. ती तुमच्या पत्रात होतीच. चौथ्या शिफारशीखाली आता असं छापलंय:

‘या बदलामुळे नंदाखाल येथील लेस्टर रुमाव यांचा एकट्याने कामावर जाण्याचा मार्ग बंद होतो. त्याची भरपाई पैशाने होत नाही. नवा मार्ग त्यांना सोबतीने शिकवला जावा, आणि जोवर ते तो शिकत नाहीत तोवर या शिफारशीचा खर्च पूर्ण मोजला गेला असे मानू नये.’

ती वाट मी चालून पाहिली. तुम्हाला सांगितलं नाही. दुसऱ्या वळणावरच्या काळ्या कुत्र्याने माझी ओढणी धरली. ‘उपलब्ध’ हा शब्द मी काढून टाकला आहे.

सोबत कोण, हे अहवालात लिहिलेलं नाही, कारण ते कुठल्याच खात्याचं काम नाही. मी कौस्तुभ सरांकडे जून महिन्याच्या दुपारच्या सुट्ट्या मागितल्यात. तुम्ही हो म्हणालात तर मी येईन.

उन्नती

---

(पोस्टकार्ड)
नंदाखाल
९ मे २०२५

माझं ऐकलं गेलं. पटलेलं नाही.
ये. येताना कुत्र्यासाठी बिस्किटं आण. लेस्टरला तूच कळव, मला सांगवत नाही. तो सावकाश वाचतो, वाक्यं लहान लिही.

क्लारा

---

विरार
२२ मे २०२५

प्रिय लेस्टर,

मी उन्नती. मी विरारला काम करते. आपण भेटलो नाही.

तुझी बाराची गाडी बंद होणार आहे. तुझं काही चुकलं नाही. गाडीचंही काही चुकलं नाही. ती आता फुलपाड्याला जाणार आहे. तिथे खूप माणसं थांब्यावर उभी असतात. माझी आईसुद्धा उभी असते. ही गाडी तिकडे न्यावी, असं मी लिहून दिलं. म्हणून ती चालली आहे.

तुला राग येईल. तो माझ्यावर धर. आईवर धरू नकोस. ड्रायव्हरवर धरू नकोस.

दुसरी गाडी आहे. ती आगाशीच्या मोठ्या रस्त्यावर येते. तिथवर चालावं लागतं. मी रोज तुझ्या घरी येईन. आपण दोघं चालू. मी आधी तुझ्या शेजारी बसेन. मग मागच्या सीटवर. मग शेवटच्या बाकावर. मग मी येणार नाही. हे मला तुझ्या आईने शिकवलं आहे.

तुला जमेल असं मला वाटतं. नक्की माहीत नाही. नाही जमलं तर मला सांग. मी ते लिहून ठेवीन.

उन्नती

---

नंदाखाल
११ ऑगस्ट २०२५

प्रिय उन्नती,

तू शेवटच्या बाकावरून उतरलीस त्याला महिना होऊन गेला. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी ‘चाललंय’ म्हणाले. ते अर्धंच खरं होतं.

जुलैत तो एकदा अर्नाळ्याच्या गाडीत चढला. शेवटच्या थांब्यापर्यंत गेला. एका मासेवालीने त्याच्या गळ्यातलं कार्ड वाचून फोन केला. मी आणि दादा रिक्षाने गेलो. दादाला आता एका डोळ्याने दिसतं, तोच पुढे धावत होता. तिथून परत येताना मी तुला मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यानंतर आठवडाभर लेस्टर घराबाहेर पडला नाही. सिस्टरांनी फोन केला, तरी नाही. मी पुन्हा शेजारच्या सीटपासून सुरुवात केली. तुला बोलावलं नाही, कारण तू परत सुट्टी काढून आली असतीस. आणि हे शेवटी माझंच आहे ग.

मागच्या आठवड्यापासून तो एकटा जातोय. कुत्र्याला बिस्कीट घालतो, थांब्यावर उभा राहतो, गाडीवरची पाटी ड्रायव्हरला वाचून दाखवायला लावतो आणि मगच चढतो. हे त्याचं त्याने काढलं, मी शिकवलेलं नाही. लोक खोळंबतात, चिडतात. चिडू देत.

मी तुझे आभार मानणार नाही. गाडी राहायला हवी होती. आणि तुझ्या आईला गाडी मिळायला हवी होती. दोन्ही खरं आहे, ते घेऊनच मी झोपते.

तुझं पत्र त्याने उशीखाली ठेवलं आहे. ते त्याला पाठ झालंय. काल जेवताना त्याने मध्येच विचारलं. आमच्या घरच्या बोलीत विचारलं, मी तुला कळेल असं लिहिते. म्हणाला, “फुलपाड्याच्या माणसांना आता बसायला मिळतं का?”

मला ठाऊक नव्हतं. मी दादाकडे पाहिलं, त्याने आयुष्यभर असेच हिशेब तर केले. गाडी तिकडे गेली एवढं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पुढचं कुणी विचारलंच नव्हतं.

मी लेस्टरला म्हटलं, उन्नतीला विचारते. तर उत्तर त्याच्या नावाने पाठव, माझ्या नको. वाक्यं लहान लिही. आणि अजूनही बसायला मिळत नसेल, तर तेही त्याला लिही.

तुझी,
क्लारामावशी